दुसऱ्याचा खोकला

गेल्या दीड वर्षात मला एकदाही ताप आलेला नाही. हे वाक्य लिहिलं आणि दोनदा वाचलं, कारण ते वाचायला मला आवडतं. ज्यांना वर्षानुवर्षं काही होत नाही त्यांना यात विशेष काय ते कळणार नाही, आणि त्यांना समजावत बसायचा मला कंटाळा आहे. पण नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात, दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत, रोज आठ तास पाच जणींच्या शेजारी बसून मी हे साधलंय. याचा सत्कार कुणी करत नाही, म्हणून मीच सांगते.

मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे. माझा छत्तिसाव्या वर्षी सुरू झाला आणि बोटांपासून सुरू झाला. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं. त्यावर गोळ्या आहेत, आठवड्यातून एकदा, दर रविवारी घ्यायच्या. गोळ्या गुणी आहेत, पण त्या शरीराला शांत करता करता त्याची लढायची ताकदही काढून घेतात. दुसऱ्याचं दोन दिवस नाक गळण्यावर भागतं, तेच माझ्या छातीत उतरतं. छातीत उतरलं की मॅडम गोळ्या बंद करतात. गोळ्या बंद झाल्या की बोटं आखडतात. बोटं आखडली की माझं कामाचं टेबल गेलं.

त्या टेबलाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे गाड्यांना लागणाऱ्या पिना आणि बुश बनतात आणि मी शेवटच्या तपासणीला आहे. एका हातात मायक्रोमीटर, त्याच्या जबड्यात नग, आणि मागची खुंटी अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं हलकेच फिरवायची. जोर जास्त झाला तर माप चुकतं, कमी झाला तरी चुकतं. केसाच्या जाडीहूनही बारीक फरक पकडायचा असतो. माझ्या हातून गेलेला नग परत आला नाही, असं मी बारा वर्षं सांगत आले आहे आणि ते खरं आहे. दर डिसेंबरात आमची परीक्षा होते. दहा नग देतात, त्यांच्यावरचे नंबर झाकलेले असतात, प्रत्येक नग तीनदा मोजायचा आणि तिन्ही वेळा आकडा जुळायला हवा. एखादा आकडा चुकला तर चालतो, जास्त चुकले तर टेबल सोडून पॅकिंगला जायचं.

मी एकदा गेले आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मला न्यूमोनिया झाला. खोलीतल्या एकीचा खोकला दुसरीला, दुसरीचा मला, इतकं सरळ होतं ते. दोन आठवडे दवाखान्यात काढले, पुढे दोन महिने गोळ्या बंद. सकाळी उठले की मूठ मिटायची नाही, दाताला पेस्ट लावायची तर ट्यूब दोन्ही तळहातांत दाबायची. त्या डिसेंबरात माझा एकही नग तीनदा जुळला नाही. पुढचे पाच महिने मी पॅकिंगच्या शेडमध्ये खोक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. पॅकिंगचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही, पण ते माझं नाही.

मे महिन्यात बोटं वळायला लागली तशी मी साहेबांच्या मागे लागले. साहेब म्हणजे आमच्या कारखान्याचे मॅनेजर. शेवटी त्यांनी टेबल परत दिलं, पण अट घातली. "डिसेंबरची परीक्षा पास झालात तर टेबल तुमचं. नाही झालात तर पुन्हा मागू नका." मी बरं म्हटलं. म्हणजे जूनपासून डिसेंबरपर्यंत मला आजारी पडायचं नव्हतं. अख्खा पावसाळा आणि अर्धी थंडी.

आता आमची खोली कशी आहे पाहा. मापं वीस अंशांवर घ्यायची असतात, म्हणून एसी चालू, खिडक्या सीलबंद आणि दार आपोआप मिटणारं. आत आम्ही सहा जणी. एकीनं लसणाची फोडणी टाकलेली भाजी आणली तर सगळ्यांना कळतं, मग शिंकेचं काय सांगावं? त्यात आमच्याकडे हजेरीचं खूळ. गेटजवळ एक फळा आहे. ज्यांची एकही रजा नाही त्यांची नावं त्यावर रंगीत खडूनं लिहितात, आणि खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की ती नावं माइकवरून वाचून साडी किंवा शर्टपीस देतात. साडी काही फार भारी नसते, पण त्या नावासाठी माणसं काहीही करतात. एक जण सकाळी सलाइन लावून दुपारी कामावर आला होता आणि हातावरची पट्टी सगळ्यांना दाखवत फिरत होता. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला त्याला बदडावंसं वाटलं.

मी आपली तयारी केली. लस टोचून घेतली. दाराजवळची खुर्ची मागून घेतली, कारण दार उघडलं की बाहेरची हवा आधी तिथे येते. तोंडावर मास्क, नोंदवहीसाठी स्वतःचा पेन, पाणी प्यायला घरून आणलेला ग्लास. जेवायला मात्र मी खोलीत थांबायचे नाही. आमच्याकडे दुपारी वर्तमानपत्र पसरून सगळे डबे मधोमध ठेवतात आणि जिला जे आवडेल ते ती उचलते. मी माझा डबा घेऊन बाहेर स्कूटरच्या शेडखाली बसायचे. मला त्यांनी 'कलेक्टरीणबाई' नाव ठेवलं. ठेवू दे, म्हटलं.

फक्त एक चूक केली आणि ती घोडचूक होती. हे सगळं का करते आहे, ते मी कुणाला सांगितलं नाही. न्यूमोनिया सगळ्यांना माहीत होता, पण बोटांसाठी 'गाडीवरून पडले' असं सांगून ठेवलं होतं. साहेबांनाही तेच. कायमचं दुखणं म्हटलं की माणसं आधी हळहळतात, आणि मग तुमच्या जागी दुसरी कोण बसवता येईल ते बघायला लागतात. हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. म्हणून तोंडाला कुलूप लावलं होतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर पेठकडची एक बाई बसते. माझ्याहून आठेक वर्षांनी लहान. डोंगरातल्या पाड्यावरून लग्न होऊन नाशकात आली, हेल्पर म्हणून लागली आणि बघता बघता तपासणीच्या टेबलापर्यंत पोचली. हजेरीच्या फळ्यावर तिचं नाव सलग तीन वर्षं होतं, चौथं चालू होतं. आईच्या दशक्रियेचा दिवससुद्धा तिनं सुट्टीच्या वारी बसवून घेतला होता, असं सगळे कौतुकानं सांगायचे. हात इतका हलका की मायक्रोमीटर तिच्या बोटांत असला की बघत राहावं. मला ती आवडायची, आणि तिचा खोकला ऐकला की मी खुर्ची दाराकडे सरकवायचे.

जुलैत एके दिवशी ती दुपारी माझ्या टेबलाशी आली. हातात डब्याचं झाकण, त्यावर नाचणीची भाकरी आणि उडदाचं घट्ट कालवण. "ताई, नागलीची भाकर हाय आन् उडदाचं भुजं. वाईच घ्या." म्हणाली आणि दुसऱ्या हाताची मूठ तोंडावर धरून खोकली. मी म्हटलं, "नको गं, भूक नाही." आणि पाचच मिनिटांत बाहेर जाऊन माझा डबा उघडला. ती हात धुवायला नळावर आली होती, तिनं पाहिलं.

संध्याकाळी शिफ्ट सुटताना पाण्याच्या जारपाशी सगळ्या उभ्या होत्या. मी माझा ग्लास पिशवीतून काढला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्या हातचं नाय चालत तं तसं सांगा ना ताई. ग्लास येगळा, डबा येगळा, बसायचं येगळं. आमी काय लहान लेकरं नाय, कळतं आमाला."

खोटं कशाला बोलू, तिनं हवेतून काही काढलं नव्हतं. माझं माहेर निफाडकडचं. आमच्या द्राक्षबागेत छाटणीला पेठ-सुरगाण्याची माणसं यायची आणि त्यांच्या चहाचे कप गोठ्याच्या भिंतीतल्या फळीवर वेगळे ठेवलेले असायचे. मी लहानपणी ते कप तिथे ठेवले आहेत. कुणी सांगितलं म्हणून ठेवले, पण हात माझेच होते. तिनं असे कप पाहिले असणार, तिच्या आईनं त्यातून चहा प्यायला असणार. आणि आता मी तिच्यासमोर वेगळा ग्लास घेऊन उभी. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. हा माझा जुना दोष आहे.

"तुझ्या हातचं मला चालतं!" मी ओरडलेच. "तुझा खोकला चालत नाही!"

मग सगळंच बाहेर पडलं. मी दोन्ही हात पुढे केले, सुजून जाड झालेली पेरं दाखवली. गाडीवरून पडले नव्हते, संधिवात आहे, हे सांगितलं. रविवारच्या गोळ्या सांगितल्या, न्यूमोनिया कुणाकडून आला तेही नाव घेऊन सांगितलं, जे सांगायला नको होतं. डिसेंबरला माझी बोटं चालली नाहीत तर टेबल कायमचं जाईल आणि तुम्ही फळ्यावरच्या नावापायी इथे येऊन माझ्या तोंडावर खोकता, असं म्हटलं. एकीनं दबकत विचारलं, "चिकटतो का हो तो?" म्हटलं, "तुमचं मला चिकटतं. माझं कुणाला चिकटत नाही."

माफी पेठचीनं मागितली नाही, मीही नाही. गेटपर्यंत बरोबर चालत आली, तीही चार हात अंतर ठेवून. रिक्षात चढायच्या आधी तिनं विचारलं, "मी खोकत नसते तं खाल्ली असती भाकर?"

"दोन खाल्ल्या असत्या."

ती हसली नाही, पण मान हलवली. त्या रात्री मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. आता सगळ्यांना कळलं होतं, म्हणजे साहेबांनाही कळणार होतं.

ऑगस्टात नाशकात तापाची साथ आली. घरोघरी एक तरी आडवा. त्या आठवड्यात मी सकाळी खोलीशी आले तर पेठची दाराबाहेर भिंतीला टेकून उभी. ओढणी नाकातोंडावर घट्ट गुंडाळलेली, डोळे लाल. मी जवळ जायला लागले तशी तिनं हात वर करून मला थांबवलं.

"तिथंच थांबा ताई. रातीपासनं ताप हाय मला."

"मग इथे कशाला उभी आहेस?"

"गेटावर अंगठा लावून आले सवयीनं. दारापाशी आले आन् तुमची बोटं आठवली."

आमचे सुपरवायझर तिथेच होते. ते म्हणाले, "अंगठा लागलाय ना, मग हजेरी लागली. गोळी घे आणि बस आत. फळ्यावरनं नाव जाईल उगाच." तिनं ऐकलं नाही. ऑफिसात जाऊन अंगठा रद्द करून घेतला, तीन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला आणि घरी गेली. दुपारी मी गेटवरून जाताना ऑफिसातला माणूस ओल्या फडक्यानं फळ्यावरचं तिचं नाव पुसत होता. साडेतीन वर्षांहून जास्त काळ ती एकदाही चुकली नव्हती. मी तिथे उभी राहिले आणि मला रडू आलं, आणि रडू आवरल्यावर मी खोलीतली नोंदवही उचलून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांना माझ्या दुखण्याची बातमी आधीच पोचली होती. तापात घरी राहिलेल्यांचं नाव पुसू नका, खोकणाऱ्यांना आमच्या खोलीत बसवू नका, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मग तुम्हीच पॅकिंगला का जात नाही? शेड मोकळी आहे, हवा आहे. तुमच्याच भल्याचं सांगतो."

याच वाक्याला मी इतके दिवस भीत होते. ते आलं तेव्हा मात्र भीती कुठल्या कुठे गेली. म्हटलं, "साहेब, मी पॅकिंगची नाही, तपासणीची आहे. बारा वर्षांत माझ्या हातचा नग परत आलेला असेल तर दाखवा, आत्ता जाते." मग मी बरोबर नेलेली नोंदवही त्यांच्यापुढे उघडली. मागच्या महिन्यात परत आलेला लॉट कोणत्या आठवड्यातला, आणि त्या आठवड्यात आमच्यातल्या किती जणी तापात कामावर बसल्या होत्या, ते बोट ठेवून दाखवलं. "खोलीचं तापमान वीस अंशांहून जरा वर गेलं तर तुम्ही धावत येता," मी म्हटलं, "आणि मोजणारीच्या अंगात ताप असला तर तिला टाळ्या वाजवता. हे कुठल्या हिशेबात बसतं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोन दिवसांनी फळ्याशेजारी कागद लागला. तपासणीत ज्याला सर्दी-खोकला असेल त्यानं त्या दिवशी पॅकिंगच्या मोकळ्या शेडमध्ये बसायचं, हजेरी पूर्ण धरली जाईल. ताप असेल तर घरी राहायचं, तीन दिवसांपर्यंत फळ्यावरचं नाव पुसलं जाणार नाही. त्या कागदावर माझं नाव नव्हतं, पण त्यातला शब्द न् शब्द माझा होता. येता-जाता मी तो कागद वाचायचे.

पेठचीचे तीन दिवस मात्र मला परत मिळवता आले नाहीत. नियम आजपासून, मागचं नाही, असं साहेब म्हणाले. मी दोनदा भांडले, तिसऱ्यांदा तिनंच मला ओढून बाहेर आणलं. नियम झाला म्हणून सगळं गोड झालं असंही नाही. एकीला जड लॉट आला की हटकून घसा दुखायचा. दुसरी, जिचं नाव मी रागात घेतलं होतं, ती माझ्याशी आजही कामापुरतं बोलते. तो दोष माझा आहे आणि मी तो तिच्यापाशी कबूल केला आहे. खंडेनवमीला माइकवर नावं वाचली तेव्हा पेठचीचं नाव आलं नाही. ती पहिल्या रांगेत बसून सगळ्यांसाठी टाळ्या वाजवत होती. मी हात बांधून बसले होते.

मग थंडी आली. थंडीत माझी बोटं मुळातच रुसतात. पहाटे उठून कोमट पाण्यात हात धरायचे, पोळ्यांची कणीक मुद्दाम घट्ट भिजवून मळायची, गोळा मुठीत दाबायचा आणि सोडायचा. भाच्याच्या लग्नाला मी गेले नाही, भाऊ अजून फुगलेला आहे. कारखान्यात मात्र एक गंमत झाली. कुणी शिंकलं की मी काही बोलायच्या आत बाकीच्या चौघी तिच्याकडे बघायच्या आणि ती मुकाट्यानं आपलं सामान उचलून शेडची वाट धरायची. दिवाळी गेली, डिसेंबर आला. एकही रविवारची गोळी चुकली नाही.

परीक्षेच्या दिवशी दहा नग समोर मांडले. मी मायक्रोमीटर पुसला, शून्य तपासलं आणि सुरुवात केली. खुंटी फिरवताना तो हलकासा टक् आवाज येतो, तो बोटाला नेमका कळत होता. तीस वेळा मोजलं. सुपरवायझरांनी कागद ताडून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि साहेबांना बोलावून आणलं. तीसच्या तीस जुळले होते. सहा जणींत एवढे जुळलेली मी एकटी. साहेब म्हणाले, "टेबल तुमचं." मी म्हटलं, "ते माझंच होतं." उद्धटपणा झाला, पण तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही.

सगळे गेल्यावर पेठची माझ्या टेबलाशी आली. तिच्या परीक्षेत एक आकडा चुकला होता, तेवढा चालतो. तिनं माझा उजवा हात हातात घेतला आणि एकेक बोट हळूच मिटून पाहिलं. अंगठा, पहिलं, मधलं, करंगळीपर्यंत.

"दुखतं?"

"थोडं."

"पन वळतात ना सगळी?"

"वळतात."

"मंग ते तीन दिवस मी कामावरच व्हते," ती म्हणाली, आणि माझा हात जपून टेबलावर ठेवला.